बरसीम गावरान का झाले नाही?



विषयाची पाटी वाचून काही जण बिचकले असतील. ज्या माणसाने आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले त्याने जनावरांच्या चाऱ्यावर काय बोलायचे? तर पहिल्यांदाच सांगतो, आम्ही शेतकीतले नाही. पण चाऱ्याचा इतिहास वाचता वाचता आम्हाला एक प्रश्न असा भेटला की तो शेतकीचा जेवढा, तेवढाच आमच्या विषयाचा निघाला. तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

आणि महालात बसून चाऱ्यावर बोलायला संकोच कशाचा? भोसल्यांचा राजवाडा इथून हाकेच्या अंतरावर. १७०२ मध्ये बख्त बुलंदशहाने वसवलेले हे नागपूर पुढे रघूजी भोसल्यांची राजधानी झाले. घोडदळावर चाललेले राज्य म्हणजे रोज सकाळी गवत लागणारे राज्य. बखरीत लढाया असतात, वैरण नसते. पण घोडा बखर खाऊन बंगालपर्यंत जात नाही. तेव्हा वैरण हा इतिहासाचा विषय आहे, एवढे धरून पुढे जाऊ.

आता प्रश्न. बरसीम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. मेथीसारखी तीन तीन पाने, पांढरट फुलांचे गोंडे, दुभत्या जनावरांचा हिवाळी हिरवा चारा. इंग्रजीत ज्या कुळाला क्लोव्हर म्हणतात त्यातले हे एक. शास्त्रीय नाव ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम, म्हणजे अलेक्झांड्रियाचे. ते भारतात आले १९०४ मध्ये, सिंधमध्ये. सव्वाशे वर्षे होत आली. एवढ्या काळात विदर्भात बरसीमची एखादी गावरान जात का तयार झाली नाही? मिरची परदेशातूनच आली ना? तीही समुद्रापलीकडून, पोर्तुगिजांच्या गलबतांतून. पण आपल्या जिल्ह्यात येऊन ती भिवापुरी झाली, आणि इतकी झाली की तिला भौगोलिक मानांकन मिळाले. बरसीमचे तसे काही झाले नाही. ते आजही पिशवीतून येते.

उत्तराकडे जाण्यापूर्वी 'जात' या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्या न्याय-वैशेषिकांनी 'जाति' हा शब्द फार काटेकोरपणे वापरला. अनेक गाईंमध्ये जे एकच गोत्व असते ते सामान्य, ती जाती. ती बदलत नाही, वाढत-घटत नाही. गाय मरते, गोत्व मरत नाही. ग्रीकांकडे प्लेटोने याच अंगाने विचार केला. यात वाईट काही नाही; त्याशिवाय आपल्याला 'गाय' हा शब्दच वापरता येणार नाही. पण बियाण्याच्या दुकानात आपण 'कोणती जात?' विचारतो तेव्हा नकळत हेच गोत्व मागत असतो. एक नाव, एक गुण, एक उत्पादन.

शेतात असे काही नसते. विशेषतः जी पिके परपरागी आहेत, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जाऊन बी धरते, त्यांच्यात तर नाहीच. तिथे असतो एक जमाव. त्यातले एक झाड लवकर फुलते, एक उशिरा. एक कापल्यावर जोमाने फुटते, एक सुस्त. एकाचे पान रुंद, एकाचा दांडा पोकळ. सरासरी ही आपण काढतो, वावरात ती कुठे उगवत नाही. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये, डार्विनच्या ग्रंथाला शंभर वर्षे झाली तेव्हा, हाच भेद मांडला: एक विचार नमुन्याचा, दुसरा समूहाचा. नमुनेवाल्याला सरासरी खरी वाटते आणि फरक म्हणजे चूक वाटते. समूहवाल्याला फरक खरा आणि सरासरी ही नुसती आकडेमोड. चाऱ्याच्या इतिहासात आपण नमुनेवाल्यांसारखे वागलो, असे आमचे मत आहे.

आता इजिप्तला चला. तिथला शेतकरी बरसीमला एक जात मानत नव्हता. त्याच्याकडे नावे होती आणि प्रत्येक नावात एक पाणीव्यवस्था होती. मिसकावी, म्हणजे ओलिताचे. हे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातले, जिथे कालव्याला बारमाही पाणी. सईदी, म्हणजे सईदचे, वरच्या इजिप्तचे. फहल, म्हणजे अरबीत नर, वळू. याखेरीज खद्रावी म्हणूनही एक सांगतात. पूर्वी नाईलचा पूर मोठमोठ्या बांधांत कोंडून ठेवत, पाणी ओसरले की त्या ओलाव्यावर बी फेकत. तिथे पुन्हा पाणी मिळण्याची आशा नसे, म्हणून एकच कापणी देणारे फहल.

या वाणांतला फरक कुठे आहे ते पाहण्यासारखे आहे. तो फुटवा कुठून येतो यात आहे. मिसकावीला नवे फुटवे जमिनीलगतच्या बुडख्यातून येतात. विळा वरून गेला तरी बुडखा शाबूत, महिन्याभरात पुन्हा रान हिरवे. पाच-सहा कापण्या होतात. फहलच्या फांद्या वर, दांड्यावर फुटतात. कापले की फुटण्याची जागाच कापली गेली. संपला विषय. सईदी मधले, दोन-तीन कापण्यांचे. म्हणजे काय, तर झाडाच्या अंगावर डोळा चार बोटे खाली की वर, एवढ्यावर एका शेतकऱ्याचे सगळे हिवाळ्याचे गणित ठरते.

मग यांत जास्त उत्पादन कोणाचे? एका कापणीपुरते पाहाल तर फहल भरघोस. हंगामभर पाहाल तर मिसकावी. प्रश्न अर्धवट विचारला की उत्तरही अर्धवटच मिळते. 'उत्पादन' हा झाडाचा गुण आहे असे आपण बोलतो, पण ते झाड, पाणी, विळा आणि तुम्ही मोजायला कधी आलात या चौघांचे मिळून असते.

सिंधमध्ये आले ते या कुटुंबातले मुख्यतः मिसकावी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात, ते १९३६ पर्यंत होते. जमराव कालवा नुकताच सुरू झालेला, इजिप्तच्या कापसाचे प्रयोग तिथे त्याच सुमारास चालू होते, आणि कापसाच्या मागेपुढे इजिप्तमध्ये जे पेरत तेही आले. ते आले एका दारातून आणि बहुतेक एका रूपात. पुढे पंजाब, उत्तर प्रदेश इथल्या कालव्यांच्या मुलखात पसरले, दूध-व्यवसायाचा कणा झाले. ते योग्यच झाले. हेक्टरी ऐंशी-शंभर टन हिरवा चारा, त्यात सुक्या वजनाच्या सुमारे सतरा ते वीस टक्के प्रथिने, शिवाय मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र. कोण नाही म्हणेल?

(एक जाता जाता. ऐंशी टन हा आकडा ऐकून दबून जाऊ नका. बरसीममध्ये पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच असते. ऐंशी टन म्हणजे सुके दहा-बारा टन. गाय पाणी हौदावरही पिते.)

पण जे थोड्या बियांतून आले त्यात भेद थोडाच राहिला. भारतातल्या बरसीम संशोधकांची जुनी तक्रार हीच: निवडायला काही नाही. निवड म्हणजे फरकातून उचलणे; फरकच नाही तर उचलणार काय? म्हणून मग नाना वाटा शोधाव्या लागल्या. दिल्लीच्या संस्थेने कोल्चिसिन वापरून गुणसूत्रे सोळाची बत्तीस केली, त्यातून 'पुसा जायंट'. झाशीला १९६२ मध्ये भारतीय चराई आणि चारा संशोधन संस्था उभी राहिली, तिथून 'वरदान' आणि 'बुंदेल' मालिका. लुधियानाची 'बीएल' मालिका, जबलपूरची 'जेबी'. आणि शेवटी झाशीकरांनी बरसीमच्या जंगली भाऊबंदांशी संकर केले. त्यातल्या एका नातेवाइकाचे नाव कॉन्स्टँटिनोपलवरून पडलेले आहे. हे संकर शेतात धरत नाहीत. कोवळा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. एका दारातून आलेल्या पिकात नवे रक्त आणायला इतका खटाटोप. बरसीमचे सगळ्यात जवळचे जंगली सोयरे सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर आहेत. तिथे आज काय चालले आहे ते आपण बातम्यांत बघतोच. रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीशी उगवणारी ती झाडे कोणाच्या यादीत नसतात.

आता विदर्भाकडे. इथे मुख्य मुद्दा आहे, सावकाश घेऊ.

ज्वारीचा विचार करा. ज्वारी कापली की दाणा आणि बियाणे एकदमच घरात येते. खळ्यावर चांगली कणसे बाजूला काढायची, आढ्याला बांधायची. हे काम बहुधा घरातल्या बाईचे. खाण्याचे पीक आणि पेरण्याचे बी यांत भांडण नाही. मिरचीचेही तेच, पिकलेली लाल मिरची हाच माल आणि तिच्या पोटातच बी. म्हणून भिवापूरच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या न ठरवताही निवड केली. आपली संत्री पाहा. भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून आणली असे सांगतात. तिथे तिसराच प्रकार: जंबेरीवर डोळा भरायचा, म्हणजे तेच झाड पुन्हा पुन्हा. गोत्वाच्या सगळ्यात जवळ जाणारी वनस्पती म्हणाल तर नागपुरी संत्रा!

चाऱ्याचे पीक या सगळ्यांहून वेगळे. चारा म्हणजे बी धरण्याआधी कापलेले पीक. ज्याला चारा हवा त्याला बी मिळत नाही. ज्याला बी हवे त्याने चारा सोडायचा. आणि सोडायचा कधी? बरसीमचे बी धरायचे तर मार्चच्या सुरुवातीला कापणी थांबवायला हवी. म्हणजे नेमके जेव्हा बाकी रान वाळायला लागते, हिरव्याला सोन्याचा भाव येतो, तेव्हा गोठ्यातल्या म्हशीला सांगायचे, थांब बाई, आम्हाला बी करायचे आहे. त्यावर एप्रिलमध्ये ओलीत. विहिरीने कुठून द्यायचे?

पुन्हा आपले ऊन. बरसीमच्या फुलाला मधमाशी लागते. तिने बसून फूल झटकल्याशिवाय बी नीट धरत नाही. डार्विनने हे तांबड्या क्लोव्हरवर करून पाहिले होते: शंभर गोंडे उघडे ठेवले तर २७०० बिया, शंभर जाळीखाली झाकले तर एकही नाही. तिथे काम भुंग्यांचे, इथे मधमाश्यांचे. आता माशी आहे असे धरले तरी पारा चाळिशीकडे गेला, कोरडा वारा सुटला की पराग निकामी होऊ लागतात. पंजाबात हे संकट मेमध्ये येते, आपल्याकडे एप्रिलमध्येच. भारतात बरसीमचे बी चांगल्या ठिकाणीही हेक्टरी दोन ते पाच क्विंटल. आपल्याकडे भरवसा त्याहून कमी. तेव्हा शेतकरी काय करतो? पुढच्या ऑक्टोबरात पिशवी विकत आणतो. बी पंजाबचे, मध्य प्रदेशचे, नाही तर थेट इजिप्तचे. आजही देश ते आयात करतो.

आता आमच्या प्रश्नाचे उत्तर दिसायला लागते. वाण गावरान होतो तो गावात नुसता उगवून होत नाही, गावात बी धरून होतो. दरवर्षी नवी पिशवी म्हणजे दरवर्षी पुन्हा पहिली यत्ता. सव्वाशे वर्षांत विदर्भाच्या उन्हाने बरसीमच्या एकाही झाडाला पास-नापास केलेले नाही. जी चार झाडे आपला एप्रिल सोसू शकली असती, तीही इतरांबरोबर फेब्रुवारीत गव्हाणीत गेली. परीक्षा झाली ती लुधियानात, झाशीत आणि नाईलच्या काठी.

उलट उदाहरण हवे तर कच्छचे घ्या. तिथे लसूणघास बहुवर्षी ठेवतात आणि शेतकऱ्यांनी भुजकडे आपले बी राखले. त्याच रानातून निवडून आणंदच्या विद्यापीठाने 'आणंद-२' काढली. निवडायला काही होते, कारण कोणी तरी राखले होते.

विलायतेतला एक किस्सा इथे सांगण्याजोगा आहे. तिथे पांढऱ्या क्लोव्हरचे दोन बियाणे मिळे. एक डच, लागवडीचे, मोठ्या पानाचे. दुसरे केंट परगण्यातल्या जुन्या कुरणांतून झाडून गोळा केलेले, जमिनीसरपट, बारीक पानाचे, ज्याला 'रानटी पांढरे' म्हणत. पहिल्या वर्षी डच पुढे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डच नाहीसे आणि रानटी मात्र मेंढ्यांच्या दाताखाली गालिच्यासारखे पसरलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थंबरलंडमध्ये कॉकल पार्कच्या शेतावर गिलख्रिस्ट यांनी हे पद्धतशीर दाखवले आणि रानटी बियाण्याची प्रतिष्ठा वाढली. शतकानुशतके चरले गेल्याने त्या झाडांची निवड झालेली होती. मेंढरांनीच ती केली होती. स्वित्झर्लंडमध्ये तांबड्या क्लोव्हरचे असेच 'माटेनक्ली' नावाचे शेतकरी-वाण आहेत. नेहमीचे तांबडे क्लोव्हर दोन वर्षांत थकते, हे तीन किंवा जास्त वर्षे टिकते. कारण तेच: टिकलेल्याचे बी राखायचा रिवाज. रानात आपोआप उगवणारे तांबडे क्लोव्हर याहून कमी चारा देते, पण त्याच्यातला फरक मोठा. एक पोटाला, एक तिजोरीला.

आता कोणी म्हणेल, म्हणजे आपल्याकडे काहीच नाही का? आहे. फक्त त्याला आपण चारा म्हणत नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जा. धान बांधीत उभे असतानाच, कापणीच्या पंधरवडाभर आधी, चिखलात लाखोळीचे बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, ओलीत नाही. धान निघते, त्याच्या ओलाव्यावर लाखोळी वर येते. नाईलच्या ओसरत्या पुरावर फहल फेकणारा आणि आपल्या बांधीत लाखोळी फेकणारा यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही, पण युक्ती एकच. फरक एवढा की लाखोळी दाण्यासाठीही ठेवतात. म्हणून बी घरात राहिले, म्हणून वाण झाले. मोठ्या दाण्याची लाख, बारीक दाण्याची लाखोळी. फूल निळे, पांढरे, गुलाबी. गॅब्रिएल हॉवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी अब्दुर रहमान खान यांच्यासह १९२८ मध्ये हिंदुस्थानातल्या लाखेचे तब्बल ५६ प्रकार वेगळे करून मांडले. छप्पन! बरसीमवाल्यांना हेवा वाटावा असा आकडा. (याच हॉवर्ड दांपत्याने क्वेट्ट्याला शफतल या इराणी क्लोव्हरवरही काम केले होते. नवरा अल्बर्ट पुढे इंदूरच्या कंपोस्ट खतामुळे प्रसिद्ध झाला, बाईंचे नाव मागे पडले.)

आणि या छप्पनांचे आपण काय केले? लाखोळीत एक विष असते; दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. स्लीमनने सागरकडची अशी गावे पाहून लिहून ठेवले आहे. धोका खरा होता आणि तो गरिबालाच होता, ज्याला दुसरे काही खायला नव्हते. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती पुढे उठवली. बंदीमागचा हेतू आम्ही नाकारत नाही. पण बंदी घालताना 'लाखोळी' नावाची एकच वस्तू धरली गेली. विषाचे प्रमाण वाणागणिक कमी-जास्त असते, एकच वाण वेगळ्या जमिनीत, वेगळ्या पावसात वेगळा आकडा दाखवतो, हे नंतर मोजले गेले आणि त्या फरकातूनच कमी विषाचे वाण निघाले. इथे फरक म्हणजे कोणाचे पाय. बंदीच्या काळात ज्या घरांनी पेरणे सोडले, त्यांच्या मडक्यांतले बी मात्र गेले ते गेले.

दुसरी आपली वनस्पती म्हणजे रानमेथी. गव्हात उगवते, पिवळी बारीक फुले, तीन पाने, क्लोव्हरची चुलत बहीण. पंजाबात तिच्याच जातकुळीला सेंजी म्हणून पेरतात. आपण तण म्हणून उपटतो. निंदणाला गेलेल्या बाया संध्याकाळी डोक्यावर जो हिरवा भारा आणतात त्यात ती असते. शेतकीच्या कोणत्याही तक्त्यात हा भारा नाही, कारण तो कोणाच्या हेक्टरात बसत नाही. आणि गंमत पाहा, बरसीमला जे जमले नाही ते रानमेथीने केले. ती निंदणातून निसटते, गव्हाआधी बी टाकते, आपल्या उन्हात पास होते. तिला कोणी राखले नाही, तरी ती इथली आहे. तिच्या समूहांत काय काय फरक आहे, कोणत्या तालुक्यातली जास्त पानाळ, कोणती कमी कडू, हे मोजणे मोठ्या खर्चाचे काम नाही. कृषी महाविद्यालय महाराजबागेला लागून १९०६ पासून उभे आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला एवढा विषय पुरेल.

वेळ झाली. दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊन थांबतो.

पहिला: रानमेथी जनावराला द्यावी का? ताजी, थोडी, कडबा-कुटारात मिसळून द्यायला हरकत नाही, बाया देतातच. बुरशी आलेली अजिबात नको. या कुळात कूमारिन नावाचे सुगंधी द्रव्य असते, बुरशीने त्याचे असे रूप होते की जनावराचे रक्त गोठेनासे होते. १९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत गोड क्लोव्हरचा बुरसलेला चारा खाऊन गुरे अशी मेली. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांनी ते द्रव्य वेगळे केले आणि त्यातून वॉरफेरिन निघाले, आधी उंदराचे औषध, मग हृदयरोग्यांचे. या सभागृहात काहींच्या खिशात ती गोळी असेल.

दुसरा प्रश्न मागून आला आहे, एका शेतकरी मित्राचा: माझ्याकडे विहीर आहे, चार म्हशी आहेत, आम्ही बरसीमचे बी करून पाहावे का? पाहावे; पण सगळ्या रानात नाही. धुऱ्याकडचा एक कोपरा, दोन-तीन गुंठे. फेब्रुवारीअखेर शेवटची कापणी, मग विळा लावायचा नाही. पाणी हलके आणि लवकर लवकर. जवळ मधपेट्या असतील तर उत्तम. पहिल्या वर्षी मूठभर येईल, ते फेकू नका, विकूही नका, तेच पेरा. विकतचे बी पेरताना एक करा. त्यात कासनीचे बी मिसळलेले असते, निळ्या फुलाचे ते तण एकदा शिरले की निघत नाही. दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो मीठ घाला, बी त्यात ओता, हलवा. कासनीचे हलके बी वर तरंगते, ते काढून टाका. बुडाचे बी साध्या पाण्याने दोनदा धुवा, सावलीत सुकवा आणि जिवाणू संवर्धन लावून त्याच दिवशी पेरा.